वारसा वास्तूशेजारी सहा-सात मजली इमारत: आधी शेजार मोजा, मग नकाशा काढा

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. आधी सभासदांना क्षेत्रफळाचा शब्द दिला जातो. त्या क्षेत्रफळावरून मजले ठरतात, मजल्यांवरून नकाशा होतो, आणि अगदी शेवटी कुणीतरी विचारतं, “शेजारी तो जुना वाडा आहे, त्याचं काही बघायचंय का?” तोवर करारावर सह्या झालेल्या असतात, भाडेकरू दुसरीकडे राहायला गेलेले असतात, आणि मग शेजारच्या भिंतीकडे अडचण म्हणूनच पाहिलं जातं.

खालचे टप्पे मुद्दाम या क्रमाने दिले आहेत. क्रम उलटा झाला की चांगला आर्किटेक्टही फारसं काही वाचवू शकत नाही. पुनर्विकास समितीचे सदस्य, वाड्याचे मालक, तरुण आर्किटेक्ट आणि साइटवरचे इंजिनिअर यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे.

टप्पा १ : तुमची जागा कोणाच्या कक्षेत येते ते ठरवा

“हेरिटेज आहे” एवढं कळून भागत नाही. पुण्यात एखादी वास्तू तीन निरनिराळ्या हातांत असू शकते.

पहिला हात केंद्राचा, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी, आगाखान पॅलेस ही त्यातली ठळक नावं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा भाग विनियमित असतो. प्रतिबंधित भागात नवी इमारत होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या बांधकामाची दुरुस्ती आणि नूतनीकरण तेवढं रीतसर परवानगीने करता येतं. विनियमित भागात बांधकाम करता येतं, पण सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे अर्ज करून. परवानगीशिवाय काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यातच लिहिलेली आहे.

दुसरा हात राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा. तिसरा महापालिकेच्या वारसा यादीचा. या यादीत वास्तूंना श्रेणी १, २ आणि ३ दिलेल्या असतात. श्रेणी १ च्या वास्तूभोवतीच्या बांधकामावरही नियंत्रण असतं. तिची भव्यता झाकली जाऊ नये आणि तिथून दिसणारं दृश्य बिघडू नये, हा त्यामागचा निकष. महापालिकेच्या हेरिटेज विभागात जाऊन वास्तूची नोंद, श्रेणी आणि हद्द लेखी घ्या. तोंडी उत्तरावर पुढचं पाऊल टाकू नका.

एकाच प्लॉटला दोन नियम एकदम लागू होऊ शकतात. शनिवारवाड्यापासून सव्वाशे मीटरवरचा प्लॉट विनियमित भागात येतो, आणि त्याला लागून श्रेणी २ चा वाडा असेल तर महापालिकेची वारसा समितीही आलीच. जवळून भुयारी मेट्रो जात असेल तर मेट्रोचं ना-हरकत पत्र, आणि लोहगावच्या विमानतळामुळे लागू होणारी उंचीची मर्यादा, या दोन गोष्टीही याच टप्प्यात पाहून घ्या.

*सावधान:* अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजायचं नसतं. ते संरक्षित हद्दीपासून मोजतात, आणि ती हद्द पुष्कळदा भिंतीच्या बाहेर असते. मोबाइलच्या नकाशावर ११० मीटर दिसलं म्हणून निर्धास्त झालेले प्लॉट प्रत्यक्षात ९० मीटरवर निघू शकतात.

*सावधान:* स्मारक प्राधिकरण जी उंची मंजूर करतं तिच्यात कठडा, जिन्याची टोपी आणि पाण्याची टाकीही धरलेली असते. गच्चीच्या स्लॅबपर्यंतची उंची लिहून अर्ज केला, की मंजुरी आल्यावर वरचा एक मजला कापावा लागतो. आणि तो मजला कुणाला तरी कबूल केलेला असतो.

टप्पा २ : शेजारची वास्तू मोजा

आपल्या प्लॉटची मोजणी सगळेच करतात. शेजारच्या वास्तूची कुणीच करत नाही, आणि डिझाइनचे बहुतेक निर्णय तिच्याच मापांतून निघतात.

आधी शेजाऱ्यांकडे जा. नोटीस पाठवायच्या आधी भेटा, काय करायचं आहे ते सांगा, मोजायची परवानगी मागा. जुन्या वाड्यात बहुधा तीन-चार हिस्सेदार आणि काही भाडेकरू असतात. एकाची परवानगी म्हणजे सगळ्यांची नव्हे.

मग पातळ्या घ्या: जोत्याचा माथा, ओट्याची उंची, पहिल्या मजल्याची पातळी, सज्जा, वळचण, कौलांचं आढं. या सगळ्या रस्त्यावरच्या एकाच खुणेपासून मोजा. त्यानंतर दर्शनी भागाचे खण मोजा, म्हणजे खांबापासून खांबापर्यंतची अंतरं. ती सगळी सारखी नसतात, दिंडीचा खण बहुधा वेगळा असतो. ही अंतरं जशीच्या तशी लिहा, सरासरी काढू नका.

आता भिंतीची प्रकृती. ओळंबा लावून भिंत किती कलली आहे ते प्रत्येक मजल्यावर पाहा. सागवानी तुळयांची टोकं जिथे भिंतीत घुसतात तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आत सहज गेला तर वाळवी किंवा ओलीची कूज आहे. गिलावा फुगला आहे का, ओल जमिनीतून चढते आहे की वरून उतरते आहे, हे लिहा. प्रत्येक भेगेला क्रमांक द्या, लांबी-रुंदी लिहा, मापपट्टी शेजारी धरून फोटो काढा. मोठ्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चुन्यात बसवा आणि त्यावर तारीख घाला. भेग हलली की काच तडकते. साधी युक्ती आहे, पण शेजाऱ्यांनाही समजते, आणि ते फार महत्त्वाचं आहे.

*तपासणी:* या अहवालाच्या दोन प्रती करून दोन्हींवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या का? नसतील तर पुढचा टप्पा सुरू करू नका. सहीचा अहवाल नसेल तर काम सुरू झाल्यावर वाड्यातली पन्नास वर्षांपूर्वीची भेगही तुमच्या नावावर लागते. उलट बाजूही खरी आहे. तुम्ही पाडलेली नवी भेग “जुनीच होती” म्हणून झटकली जाते. अहवाल दोघांचंही रक्षण करतो.

टप्पा ३ : जमिनीखाली काय आहे ते पाहा

“पुण्यात दहा फुटांवर खडक लागतो” हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. पेठांमध्ये त्यावर भरवसा ठेवू नका. वर भराव असतो, त्यात जुन्या वाड्यांच्या विटा, राख, चुन्याची रोडी. मग कुठे काळी माती, कुठे मुरूम, मग मऊ आणि त्याखाली पक्का काळा खडक. प्लॉटच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन मीटरचा फरक सहज पडू शकतो. त्यामुळे मधोमध दोन बोअर मारून मिळालेला अहवाल शेजारच्या भिंतीविषयी काहीच सांगत नाही.

भिंतीच्या कडेला हाताने चाचणी खड्डे घ्या. एक मीटर बाय एक मीटर, एका वेळी एकच, आणि पाया दिसला, मापं घेतली की त्याच दिवशी थर ठोकून बुजवा. शोधायच्या गोष्टी तीन: जुना पाया किती खोल आहे, तो आपल्या हद्दीत किती पुढे आला आहे, आणि तो कशावर टेकला आहे. काळ्या मातीवर टेकला असेल तर ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वर्षानुवर्षं ठराविक ओलीवर स्थिरावलेल्या या मातीतलं पाणी तुम्ही शेजारी खोल खड्डा करून ओढून घेतलंत, तर भिंत खचेल. तुमचं मशीन तिला शिवलंही नसलं तरी.

मग पोकळ्या. जुना आड, बुजवलेला हौद, मोऱ्यांचे जुने नाले. आणि कात्रजचा नळ. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांना पाणी आणणारी ही दगड-विटांची भुयारी वाट पेठांच्या खालून जाते, आणि तिचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठी बांधलेले मनोरे, अजून काही ठिकाणी उभे आहेत. खोदताना बांधीव नळ लागला तर काम थांबवा, मोजा, फोटो काढा आणि महापालिकेला कळवा. काँक्रीट ओतून तो बुजवणं ही दुहेरी चूक आहे. एक तर वारशाचा नाश, आणि दुसरं म्हणजे अडलेलं पाणी वर कुठेतरी, बहुधा त्या जुन्या भिंतीच्याच पायात, वाट शोधतं.

आता तळघराचा निर्णय. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या भिंतीला लागून तळघर नको. पार्किंग हवंच असेल तर जमिनीवर यांत्रिक पार्किंग करा, किंवा तळघर भिंतीपासून मागे घ्या. किती मागे, याचा प्राथमिक अंदाज असा: जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांची तिरकी रेघ खाली ओढा, आणि खोदाई त्या रेघेच्या बाहेर ठेवा. जुना पाया १.२ मीटर खोल आणि तळघराची खोदाई ४ मीटर असेल, तर निदान २.८ मीटर दूर. हा मुरमातला अंदाज आहे. भरावात आणि काळ्या मातीत अंतर आणखी वाढतं, आणि अंतिम आकडा भू-तांत्रिक सल्लागाराने लेखी द्यायचा असतो. यांत्रिक पार्किंगलाही दीड-दोन मीटरचे खड्डे लागतात हे नकाशा काढताना विसरलं जातं, तेही याच रेघेवर तपासा.

टप्पा ४ : उंची ठरवा, ती रस्त्यावर उभं राहून

डिझाइनचा सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो संगणकाच्या पडद्यावर होत नाही.

वास्तू कुठून कुठून दिसते त्या जागा ठरवा. समोरचा फूटपाथ, गल्लीचं तोंड, जवळचा चौक. आणि एक जागा हमखास विसरली जाते: वाड्याच्या आतला चौक. चौकात उभं राहून वर पाहिलं की दिसणारा आकाशाचा तुकडा हाही त्या वास्तूचाच भाग आहे. तिथे तुमच्या ड्राय बाल्कन्या डोकावणार असतील तर बाहेरून कितीही नीट सजावट केली तरी काम फसलं.

आता दृष्टिरेषा काढा. समजा गल्ली ६ मीटर रुंद आहे आणि वाड्याची वळचण ७.५ मीटरवर आहे. समोरच्या कडेला उभ्या माणसाचा डोळा १.५ मीटरवर धरा. डोळ्यापासून वळचणीपर्यंत चढ ६ मीटर, आडवं अंतरही ६ मीटर, म्हणजे रेघ बरोबर ४५ अंशांत जाते. तुमच्या इमारतीचा पुढचा भाग वळचणीच्या पातळीवर, म्हणजे ७.५ मीटरवर थांबवला, तर त्यावरचा प्रत्येक ३ मीटरचा मजला ३ मीटर मागे घेतला की गल्लीतून तो दिसत नाही. वर चार मजले चढवून एकूण १९.५ मीटर उंची हवी असेल तर सगळ्यात वरचा मजला दर्शनी रेषेपासून १२ मीटर मागे जातो. पेठेतले प्लॉट अरुंद आणि खोल असतात. वीस मीटर खोलीच्या प्लॉटवर वरच्या मजल्याला जेमतेम आठ मीटर उरतात, आणि त्यातूनही मागची मोकळी जागा वजा करायची. म्हणजे गणित अवघड आहे, पण खोल प्लॉटवर जमतं: कमी उंचीचा भाग पुढे, उंच भाग मागे, मध्ये चौक.

हेच गणित १८ मीटरच्या रस्त्यावर करून पाहा. चढ तोच ६ मीटर, आडवं अंतर १८ मीटर. प्रत्येक ३ मीटरच्या मजल्याला ९ मीटर मागे जावं लागेल. हे शक्य नाही. तेव्हा रुंद रस्त्यावर लपवण्याचा नाद सोडा. तिथे वरचे मजले दिसणारच आहेत हे धरून ते शांत ठेवा: एकच रंग, कमी पुढे-मागे, वर भडक शिरोभाग नाही. जुन्या वास्तूच्या लगतचा एक खण मात्र तिच्याच उंचीवर थांबवा, म्हणजे तिची कड मोकळी राहते. अर्धवट लपवलेले मजले सगळ्यात वाईट दिसतात. एखादी टाकी आणि अर्धी खिडकी कौलांवरून डोकावते, आणि नजर तिथेच अडकते.

*सावधान:* मजले मागे घेताना खांब खालच्या खांबांवरच उतरले पाहिजेत. खालचा आराखडा आधी कायम करून मग वरचे मजले मागे ढकलले, की तुळईवर उभे राहणारे तरंगते खांब येतात. भूकंपात हीच जागा दगा देते. म्हणून मागे घेण्याच्या रेषा आधी ठरवा आणि खांबांची जाळी त्यांवर बसवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला या टप्प्यात बसवायचं असतं, नकाशा मंजूर झाल्यावर नाही.

*तपासणी:* जागेवर प्रस्तावित उंचीपर्यंत बांबू उभा करून टोकाला नारिंगी कापड बांधा. ठरवलेल्या सगळ्या जागांवरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा. हे एका सकाळचं काम आहे. समितीपुढे संगणकाच्या रंगीत चित्रांपेक्षा हे फोटो जास्त उपयोगी पडतात, आणि सभासदांनाही मजला का कमी झाला ते कळतं.

क्षेत्रफळाचा शब्द आता द्या. या आधी नाही. विकसकाशी आधीच बोलणी चालू असतील तर करारात स्पष्ट लिहा की क्षेत्रफळ मंजूर उंचीवर अवलंबून राहील. हे एक वाक्य न लिहिल्यामुळे चांगली माणसं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

टप्पा ५ : दर्शनी भाग: नक्कल नको, मापं घ्या

फायबरच्या महिरपी, सिमेंटचे सुरूदार खांब, खिडक्यांवर चिकटवलेले कोरीव ब्रॅकेट. कृपा करून हे करू नका. वाड्याचा खांब भार घेतो, म्हणून तो तसा आहे. तुमचा खांब नुसता चिकटवलेला आहे हे पाच वर्षांत त्याचे पोपडे सांगतात. आणि खरी वास्तू शेजारीच उभी असते, तुलना कुणाला चुकत नाही.

घ्यायचं ते दुसऱ्या टप्प्यातल्या मापांतून. खण: तुमच्या खिडक्या आणि बाल्कन्यांची लय त्याच अंतरांवर बसवा. पातळ्या: जोतं, सज्जा आणि वळचण या तीन रेघा तुमच्या दर्शनी भागात कुठे ना कुठे पुढे चालू दिसल्या पाहिजेत. दगडी पट्टा असेल, स्लॅबची कड असेल, कठड्याचा माथा असेल. मजल्याची उंची जुळत नसेल तरी कठड्याची उंची खाली-वर करून रेघ साधता येते. सावली: जुन्या भिंती जाड, म्हणून खिडक्या खोल. तुमची भिंत सहा इंची असली तरी खिडकी आत घेऊन बाहेर खोल कोनाडा ठेवता येतो. आणि खिडक्या रुंदीपेक्षा उंच ठेवा. आडव्या सरकत्या खिडक्यांची रांग वाड्याशेजारी फार परकी वाटते.

बाल्कन्या भिंतीबाहेर लोंबत्या नकोत, आत घेतलेल्या असाव्यात. म्हणजे कपडे, कुंड्या, वॉशिंग मशीन हे सगळं आत राहतं. एसीच्या बाहेरच्या यंत्रांची जागा नकाशातच दाखवा. नाही दाखवली तर प्रत्येक कुटुंब आपापली शोधतं आणि दोन वर्षांत दर्शनी भाग ओळखू येत नाही. सौर बंबांचे पत्रे आणि टाक्या गच्चीच्या मागच्या अर्ध्यात ठेवा, चौथ्या टप्प्यातल्या रेघेच्या खाली.

साहित्यात चकचकीत काच आणि अॅल्युमिनियमचे पत्रे टाळा. खाली काळा बेसॉल्ट, वर चुन्याच्या जवळ जाणारा मंद रंग. रंगाचा निर्णय कंपनीच्या शेड कार्डावरून घेऊ नका. एक मीटर बाय एक मीटरचे तीन नमुने भिंतीवर लावा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहा, शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावरही.

तळमजल्याकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण चालणाऱ्याला तोच दिसतो. संपूर्ण तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडला की वाड्यांच्या रांगेत काळं भोक पडतं. गाड्यांचं फाटक एकाच खणात बसवा. उरलेल्या खणांत दुकानं, जिना, निदान जाळीदार विटांची भिंत आणि बसायला ओटा द्या. दुकानांच्या पाट्यांसाठी एक ठरलेली पट्टी ठेवा आणि तिचं माप सोसायटीच्या नियमांत घाला.

टप्पा ६ : मधली फट, पाणी आणि सावली

दोन इमारतींमध्ये दीड-दोन फुटांची फट ठेवली जाते, आणि पुढे तिच्यात कबुतरं, कचरा आणि गळकी ड्रेनेजची पाइप यांचं राज्य होतं. माणूस आत जाऊ शकत नाही, म्हणून दुरुस्ती होत नाही, म्हणून जुनी भिंत कायम ओली राहते. पर्याय दोनच. नियम आणि प्लॉट परवानगी देत असतील तर माणूस आरामात चालेल आणि शिडी लागेल एवढी मोकळी जागा सोडा. ते शक्य नसेल आणि भिंत भिंतीला लागूनच येणार असेल, तर भूकंपात दोन्ही इमारती एकमेकींवर आपटणार नाहीत एवढी हिशेबाने काढलेली फट ठेवा, आणि तिच्या डोक्यावर एका बाजूने पक्कं व दुसऱ्या बाजूने सुटं असं पत्र्याचं झाकण द्या. ते दोन्हीकडे पक्कं केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात फाटतं.

त्या फटीकडे कुठलीही ड्रेनेजची किंवा पाण्याची पाइप काढू नका. पाऊसपाण्याच्या पुनर्भरणाचा खड्डाही जुन्या पायाजवळ नको, तो प्लॉटच्या विरुद्ध कोपऱ्यात न्या. चांगल्या हेतूने जिरवलेलं पाणी चुकीच्या जागी जिरलं तर काळी माती फुगवतं. वाड्याच्या पागोळ्या पूर्वी तुमच्या बाजूला पडत असतील तर त्यांचं पाणी आता कुठे जाणार हे नकाशातच ठरवा.

सावलीचंही गणित करा. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणजे २० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे १८ मीटर पडते. तुम्ही वाड्याच्या दक्षिणेला असाल तर पावसाळ्यात ओली झालेली त्याची भिंत हिवाळ्यातही वाळणार नाही, शेवाळ धरेल. अशा वेळी उंच भाग प्लॉटच्या दक्षिण कडेला सरकवता येतो का, ते पाहा.

टप्पा ७ : पाडकाम

वारसा वास्तूचं सर्वाधिक नुकसान नवीन बांधकामाने होत नाही, पाडकामाने होतं. पेठेत भिंती सामाईक असतात. तुमच्या जुन्या वाड्याच्या तुळया त्या भिंतीत घुसलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंच्या मजल्यांनी ती भिंत धरून ठेवलेली असते. तुमचा मजला निघाला की तिचा एका बाजूचा आधार गेला.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात ठेकेदाराने एका दिवसात दोन मजल्यांच्या तुळया ओढून काढल्या. संध्याकाळी एका वयस्कर गवंड्याने भिंतीच्या सांध्यांतून भुसभुशीत चुना पडताना पाहिला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. रात्रभर टेकू लावत बसलो. भिंत वाचली, पण ती मधोमध फुगलेली आजही मला दिसते. तेव्हापासून खालचा क्रम मी मोडलेला नाही.

१. आधी टेकू, मग पाडकाम. तिरके टेकू प्रत्येक मजल्याच्या पातळीवर, शेजारच्या बाजूच्या मजल्यांसमोर येतील असे लावा.

२. वरून खाली, एकेक मजला, हाताने. सामाईक भिंतीपासून तीन मीटरच्या आत पोकलेन किंवा ब्रेकर नको.

३. तुळई ओढायची नाही. भिंतीच्या तोंडापासून नऊ इंच सोडून करवतीने कापायची. उरलेला तुकडा नंतर सावकाश काढून ते भोक विटा आणि चुन्याने लगेच भरायचं.

४. आतली भिंत आता उघडी पडते. ती पावसासाठी बांधलेलीच नव्हती, आत मातीचे सांधे असतात. तिच्या माथ्यावर पत्रा आणि अंगावर चुन्याचा गिलावा, हे पहिल्या पावसाच्या आत झालं पाहिजे.

*सावधान:* गिलावा सिमेंटचा करू नका. सिमेंट ओल आत कोंडतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा विटांचा पापुद्रा घेऊन सुटतो. ताडपत्री लावायची तर बांबूच्या पट्ट्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे हवा खेळेल.

टप्पा ८ : खोदाई आणि हादरे

खोदाई दिवाळीनंतर सुरू करा आणि जोत्यापर्यंतचं काम मेअखेर संपवा. हे जमणार नसेल तर सुरूच करू नका. अर्धा खड्डा आणि जूनचा पाऊस, शेजारी जुनी भिंत: यापेक्षा धोकादायक स्थिती नाही.

भिंतीच्या कडेची खोदाई एका रेघेत सलग करायची नसते. साधारण मीटरभर रुंदीचे पट्टे पाडा आणि एकाआड एक पट्टा खोदा, भरा, घट्ट होऊ द्या, मग मधले. खोली जास्त असेल तर आधी मायक्रोपाइलची, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या बारीक खांबांची रांग. खड्ड्याची बाजू धरून ठेवायला जमिनीत तिरके अँकर (सळ्यांचे ताण) घ्यायचे ठरलं तर ते शेजाऱ्याच्या जागेखाली जातात, त्यासाठी त्याची लेखी संमती लागते.

खडक लागल्यावर खरी परीक्षा. सुरुंग अजिबात नको. भिंतीच्या बाजूने जवळजवळ भोकं पाडून एक तुटक रेघ तयार करा, म्हणजे हादरा पलीकडे कमी जातो. मग फुगणारी रासायनिक पावडर किंवा हायड्रॉलिक स्प्लिटर वापरून खडक फोडा. ब्रेकरपेक्षा वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात, म्हणून हे निविदेतच लिहा. नंतर सांगितलं तर ठेकेदार ब्रेकरच आणणार.

हादरे मोजायचं यंत्र जुन्या वास्तूच्या पायाशी बसवा. डीआयएन ४१५० या जर्मन मानकात हादऱ्यांना नाजूक असलेल्या वारसा वास्तूंसाठी पायाशी १० हर्ट्झपर्यंतच्या हादऱ्यांना सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा सुचवली आहे. मी २ ला इशारा आणि ३ ला काम बंद, असं ठेवतो. काम सुरू होण्याआधी आठवडाभराच्या नेहमीच्या नोंदी घ्या. बस, ट्रक, आणि जमलं तर गणपतीतल्या मिरवणुकीच्याही. पुढे वाद झाला तर तुलना करायला हेच आकडे असतात.

पंपाने उपसलेल्या पाण्यात माती येते का ते रोज बादलीत घेऊन पाहा. गढूळ पाण्याबरोबर शेजारच्या पायाखालची माती वाहून येत असते. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी आणि क्रेन वाड्याच्या ओट्याजवळ उभी करू नका. भराव ठोकताना रोलरचं कंपन बंद ठेवा.

काचपट्ट्या आणि भेगांच्या नोंदी खोदाई चालू असताना रोज घ्या, आरसीसीच्या कामात आठवड्याला एकदा, आणि इमारत पूर्ण झाल्यावर महिन्यातून एकदा, निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा संपेपर्यंत. नवीन इमारतीचं वजन बसतं, पाण्याच्या वाटा बदलतात, माती एकदा फुगून एकदा आकसते, आणि कितीतरी भेगा ताबा दिल्यानंतरच उघडतात. यंत्राचं भाडं, नोंदी घेणाऱ्याचा पगार आणि भेगा चुन्याने भरण्याची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी काढून ठेवा. शेवटच्या नोंदीची प्रत, पहिल्या अहवालासारखीच, शेजाऱ्यांच्या सहीने त्यांच्या हातात द्या.